शुश्रूषा की ताबा? परावलंबी माणसाच्या संरक्षणाचा प्रश्न

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबत आलेल्या हजारो माणसांनी पाणी घेतले. पाणी कोणाच्या हाती आहे यावर माणसाचे माणूसपण ठरवले जाते, ही गोष्ट त्या दिवशी उघड्यावर आली. आमच्या पिढीने त्या पाण्यावर पुष्कळ लिहिले आणि पुष्कळ भाषणे केली. प्रस्तुत लेखात मला दुसऱ्या एका पाण्याविषयी लिहायचे आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या खाटेजवळ, स्टुलावर ठेवलेल्या पेल्यातले हे पाणी. पेला त्याला दिसतो, पण त्याचा हात तेथपर्यंत पोचत नाही. पेला उचलून ओठाला लावणारा हात दुसऱ्याचा असतो. रात्री बिछाना ओला होऊ नये, चादर बदलावी लागू नये, म्हणून संध्याकाळनंतर पाणी द्यायचेच नाही असा रिवाज एखाद्या ठिकाणी पडतो. तेथे कोणी कोणाला मारलेले नसते, शिवीही दिलेली नसते. तरीही तेथे अत्याचार चाललेला असतो.

वृद्धाश्रम, शुश्रूषागृहे, मतिमंदांची वसतिगृहे, मनोरुग्णालये, निराधारांची आधारगृहे या सर्व संस्थांत राहणाऱ्या माणसांची स्थिती एका बाबतीत सारखी असते. जेवण, पाणी, औषध, आंघोळ, शौच यांसाठी ती माणसे कर्मचाऱ्यावर अवलंबून असतात. संस्था या स्थितीला 'सेवा' म्हणते. माझे म्हणणे असे की, या स्थितीचे खरे नाव 'ताबा' आहे. तुरुंगातला किंवा पोलीस कोठडीतला माणूस जसा कोणाच्या तरी ताब्यात असतो, तसाच खाटेवरचा परावलंबी माणूसही असतो. हे एकदा मान्य केले की त्याच्या संरक्षणाचा विचार दयाबुद्धीच्या पातळीवर ठेवता येत नाही. तो हक्काच्या आणि जबाबदारीच्या पातळीवर आणावा लागतो.

१. शब्दाचा इतिहास

'नर्सिंग होम' म्हटले की आपल्याकडे लहान खासगी रुग्णालय डोळ्यापुढे येते. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात मात्र आजारी, जखमी किंवा दुर्बल झालेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणारी जागा, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. 'शुश्रूषा' हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञा ऐकणे, आज्ञेत राहणे आणि मग सेवा करणे असा अर्थ वाढत गेला. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात शूद्राला एकच कर्म नेमून दिले आहे. वरच्या तीन वर्णांची शुश्रूषा, आणि तीही कुरकुर न करता. ज्या ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, त्या ग्रंथात शूद्राच्या गुलामीला जो शब्द आहे, तोच शब्द आज आपण आजाऱ्याच्या सेवेला वापरतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. आजाऱ्याचे मलमूत्र काढणे, अंग पुसणे, मेलेल्याला धुणे ही कामे या समाजाने विटाळाची ठरवली आणि ठरावीक जातींच्या माथी मारली. काम हलके म्हणून करणारा हलका. आणि ज्याच्यासाठी ते करावे लागते तो परावलंबी माणूसही त्या विटाळात सापडला. सेवा करणारा आणि सेवा घेणारा, दोघांच्याही वाट्याला एकाच मूल्यव्यवस्थेतून तुच्छता आली. आज संस्थांमध्ये आयाला 'मावशी' आणि वॉर्डबॉयला 'मामा' म्हणतात. नात्याचे शब्द गोड आहेत. परंतु मावशी म्हटले की तिचा पगार किती, तिची पाळी किती तासांची, तिच्याकडे खाटा किती, हे विचारण्याची गरज वाटेनाशी होते.

२. एकलहऱ्यातून पाहताना

मी एकलहऱ्यात राहतो. नाशिकजवळचे हे गाव औष्णिक विद्युत केंद्रामुळे महाराष्ट्राला माहीत आहे. येथील पहिला संच १९७० साली सुरू झाला. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. १४० मेगावॅटचे पहिले दोन संच आता बंद झाले आहेत. या केंद्राच्या आधाराने वसाहत वाढली, शाळा वाढली, दुकाने वाढली. खेड्यापाड्यांतून आलेल्या भूमिहीन माणसांनी येथे कोळसा आणि राख हाताळली. मी शिक्षक होतो. त्या माणसांची मुले माझ्या वर्गात शिकली आणि नोकऱ्यांसाठी पुणे, मुंबई, बंगलोरला गेली. शिक्षणाने आमच्या माणसांना वस्तीबाहेर काढले, हे चळवळीचे मोठे यश आहे. पण त्याच यशाची दुसरी बाजू अशी की, वस्तीत आता म्हातारी माणसे एकटी उरली आहेत. गुडघे गेलेले, अर्धांगवायू झालेले, विसरभोळेपण इतके वाढलेले की स्वतःच्या घराचे दार सापडत नाही, अशी ही माणसे आहेत. मुलगा वाईट नसतो. त्याला दहा बाय दहाच्या खोलीत बापाची खाट मावत नाही, एवढेच असते. मग तो वृद्धाश्रम शोधू लागतो, किंवा ब्युरोमार्फत बाई ठेवतो.

येथे वर्गाचा आणि जातीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पैसेवाल्याला संस्था निवडता येते आणि न पटल्यास सोडता येते. ज्याची पेन्शन हजार-दीड हजाराची आहे, किंवा जो आयुष्यभर कंत्राटी असल्यामुळे ज्याला पेन्शनच नाही, त्याला जी संस्था फुकट ठेवून घेते तिचे उपकार मानावे लागतात. उपकाराखाली असलेला माणूस तक्रार करू शकत नाही. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनधारकाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो जिवंत आहे की नाही हे विचारायला व्यवस्था आहे. तो कशा अवस्थेत जिवंत आहे, हे विचारायला कोणी येत नाही.

३. अत्याचार कसा दिसतो

अत्याचार म्हटला की आपल्याला मारहाण आठवते. संस्थेतला अत्याचार बहुधा याहून शांत असतो, म्हणून तो ओळखायला शिकावे लागते. खाटेला किंवा खुर्चीला हात बांधून ठेवणे. त्रास देऊ नये म्हणून गरज नसताना झोपेचे औषध देणे. पाणी तोडणे. डायपर दिवसातून ठरलेल्या वेळीच बदलणे, मग माणूस तासन्‌तास घाणीत पडून राहिला तरी चालेल. सर्वांसमोर उघडे करून आंघोळ घालणे. नावाऐवजी खाटेच्या नंबराने हाक मारणे. पेन्शनच्या कागदावर अंगठा घेणे. आणि यांच्या पलीकडे लैंगिक अत्याचार, जो म्हाताऱ्या स्त्रीवर होतच नसेल असे आपण गृहीत धरतो.

शरीर मात्र खोटे बोलत नाही. कुशीवर वळवले नाही की माकडहाड, खुबा, टाच येथे जखमा पडतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, हा शुश्रूषेचा प्राथमिक नियम आहे. मनगटाभोवतीचा वळ, दंडावर बोटांच्या आकाराचे डाग, कोरडी जीभ, महिन्यागणिक उतरणारे वजन, कोणी हात उचलला की अंग चोरणे, पूर्वी बोलणारे माणूस एकाएकी गप्प होणे, या खुणा डॉक्टर नसलेल्यालाही वाचता येतात. यांपैकी काही आजारानेही होतात. म्हणून एका खुणेवरून निकाल देऊ नये, पण विचारणा केल्यावाचून राहूही नये.

तक्रार का होत नाही, हे मला एका भेटीत नीट समजले. विद्युत केंद्रात कामाला असलेले एक ओळखीचे गृहस्थ अर्धांगवायूनंतर एका संस्थेत राहात होते. त्यांना भेटायचे तर आदल्या दिवशी फोन करावा लागे. भेटीच्या वेळी चादर नवी कोरी आणि बाई पाठीशी उभी. ते म्हणाले, "सगळं बरं हाय, गुरुजी." बाई चहा सांगायला बाहेर गेली तेव्हा त्यांनी बरा असलेला हात फक्त उलटा केला. मनगटावर वळ होता. मी म्हणालो, मी बोलतो कार्यालयात. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही जाल निघून. रात्री पानी तीच देनार हाय मला."

या एका वाक्यात सगळे प्रश्नशास्त्र आहे. तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्याच हाती रात्रीचे पाणी असेल, तर तक्रारपेटी टांगून काही साधत नाही. ज्याची स्मृती गेली आहे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जात नाही. ज्याची वाचा गेली आहे त्याला शब्दच नाही. म्हणून माझे प्रतिपादन असे की, परावलंबी माणसाचे संरक्षण त्याच्या तक्रारीवर अवलंबून ठेवता कामा नये.

४. महाराष्ट्राने काय पाहिले

म्हाताऱ्यांच्या संस्थांतील गोष्टी सहसा न्यायालयापर्यंत येत नाहीत. मृत्यू वयाच्या खात्यावर जमा होतो. परंतु याच जातीच्या दुसऱ्या बंद संस्थांतील प्रकरणे महाराष्ट्रासमोर आलेली आहेत. त्यांतून ताब्याचे स्वरूप कळते.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय मतिमंद मुलींच्या वसतिगृहातील मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मुलींना मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे त्याचे समर्थन होते. स्त्रीसंघटनांनी आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी याला जोरदार विरोध केला आणि प्रश्न न्यायालयातही गेला. या प्रकरणात कोणी गुंड नव्हता. शासन होते, डॉक्टर होते, शस्त्रक्रियागृह होते. मुलींना मदत करायला पुरेशा बायका नेमण्याऐवजी मुलींचे शरीरच संस्थेच्या सोयीनुसार कापले गेले. त्यात आणखी एक भयंकर गोष्ट दडलेली आहे. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही. बलात्कार उघडकीस आणू शकणारी खूण तेवढी नाहीशी होते.

२०१० साली ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहात उपासमारीने झालेल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातील अशा वसतिगृहांच्या पाहणीसाठी समिती नेमली. त्या ओघात 'कल्याणी' या संस्थेने पनवेल येथे चालवलेल्या वसतिगृहातील मतिमंद मुलींवरचे लैंगिक अत्याचार २०११ मध्ये बाहेर आले. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवले. त्यांत स्त्री कर्मचारीही होत्या. संस्थेत बाई आहे म्हणजे मुली सुरक्षित आहेत, हा आपला समज तेथे खोटा ठरला.

आमच्या नाशिकमध्येही नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हसरूळ भागातील एका खासगी आश्रमात राहणाऱ्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि संचालकाला अटक झाली. या सर्व ठिकाणी आत कोण होते? ज्यांच्या मागे विचारायला येणारे कोणी नव्हते, किंवा असले तरी साहेबासमोर उभे राहण्याची ज्यांची ताकद नव्हती, अशांची मुले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पनवेलचे प्रकरण बाहेर आले ते न्यायालयाच्या हुकमाने बाहेरची माणसे आत गेली म्हणून. आतल्या तक्रारपेटीने ते बाहेर आणले नाही.

५. मथुरेने दिलेला कायदा

ताब्याचा कायदा या देशाला एका आदिवासी मजूर मुलीने दिला, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज येथे, त्या वेळच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. नागपूरच्या उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली कायदा बदलला.

या बदलाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. नव्या कलमांत पोलिसांच्या बरोबरीने तुरुंग, रिमांड होम, स्त्रियांच्या व मुलांच्या संस्था आणि रुग्णालये यांच्या व्यवस्थापनातील व कर्मचारीवर्गातील माणसे आली. अशा माणसाने संबंध केल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने माझी संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असा नियम झाला. म्हणजे सिद्ध करण्याचे ओझे दुबळ्याच्या खांद्यावरून ताबा ठेवणाऱ्याच्या खांद्यावर गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आणि भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. मात्र या नियमाला एक मर्यादा आहे. तो स्त्रीने न्यायालयात बोलण्यावर टेकलेला आहे. २०१३ च्या दुरुस्तीने संमती कळवू न शकणाऱ्या स्त्रीचा कायद्यात स्वतंत्र उल्लेख झाला आणि खुणांनी दिलेल्या साक्षीसाठी दुभाष्याची सोय झाली. तरीही जी स्त्री कालचे आज आठवू शकत नाही, तिच्यापर्यंत न्याय पोचणे अजून कठीणच आहे.

६. आजचे कायदे आणि त्यांतील फटी

२००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा मुलांकडून चरितार्थ मिळवून देण्यावर भर देतो. त्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो. राज्याने जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम उभारावेत, असेही त्यात म्हटले आहे. पण शब्दयोजना अशी की राज्याने ते न उभारले तरी चालते. खासगी वृद्धाश्रमाने नोंदणी केलीच पाहिजे आणि अमुक इतके कर्मचारी ठेवलेच पाहिजेत, अशी सक्ती या कायद्यात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात वृद्धाश्रमांची आणि घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी सुचवली होती. २०२४ साली ती लोकसभा संपली तेव्हा ते विधेयक संमत झालेले नव्हते.

अधिक धारदार हत्यार दुसरीकडे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ९२ वाचताना १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची आठवण झाल्यावाचून राहात नाही. 'अत्याचार' हीच संज्ञा तेथे आहे आणि काही वाक्यांची घडणही तशीच आहे. ताब्यातील दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची आहे. पेल्यातल्या पाण्याचा प्रश्न कायद्याने असा ओळखला आहे. कलम ७ प्रमाणे, असा अत्याचार होत असल्याचे वाटणारी कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकते, आणि त्याने तातडीने पावले उचलावयाची असतात. पीडिताने स्वतः अर्ज करावा ही अट नाही. अर्धांगवायूने खिळलेले किंवा स्मृती हरवलेले पुष्कळ वृद्ध या कायद्याच्या छायेत येऊ शकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई करतो. त्यामागे तमिळनाडूतील एरवाडीची आठवण आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे आग लागली तेव्हा बांधून ठेवलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत आणि २८ जण मेले.

फटीही ओळखीच्याच आहेत. दिव्यांगाचा अपमान हा गुन्हा आहे, पण तो 'लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी' झाला तर. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील याच शब्दांवर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, बाहेरचे कोणी नसताना चार भिंतींआड झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे म्हटले. संस्थेतला माणूस तर आयुष्याचा शेवट चार भिंतींआडच काढत असतो.

७. कर्मचारी: गुन्हेगार की बळी?

हा प्रश्नच अर्धवट आहे. १९७३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर त्याच रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. ती कायमची अंथरुणाला खिळली. पुढे १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी तिला सांभाळले. एवढ्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही, याची नोंद २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे झाली. एकाच सार्वजनिक रुग्णालयात अत्याचारही झाला आणि माणुसकीची पराकाष्ठाही झाली. गरिबांच्या दवाखान्यात हे होऊ शकते, तर 'आमच्याकडे जमत नाही' ही इतर संस्थांची सबब टिकत नाही.

परंतु के. ई. एम. च्या परिचारिका शिकलेल्या होत्या, कायम नोकरीत होत्या, संघटित होत्या. खासगी संस्थेतली आया बहुधा आमच्याच वस्तीतून येते. तिला प्रशिक्षण नसते, बारा तासांची पाळी असते, रात्री एकटीकडे पंधरा-वीस खाटा असतात, आणि आजारी पडली तर तिची रोजी बुडते. वीस माणसांची कूस दर दोन तासांनी एकटी बाई बदलू शकत नाही. हिशेब मांडून पाहा. एका माणसाला दहा मिनिटे धरली तरी वीस माणसांना दोनशे मिनिटे लागतात. हातात असतात एकशेवीस. म्हणजे शय्याव्रण तिच्या दुष्टपणाने होण्याआधीच संस्थेच्या पगारपत्रकात ठरलेला असतो. ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या संस्थांतील हाल बाहेर आल्यावर नेमलेल्या शाही आयोगाने २०१९ च्या अंतरिम अहवालाला 'उपेक्षा' असेच नाव दिले. त्यानंतर तेथे प्रत्येक रहिवाशाला दिवसाला सरासरी किती मिनिटांची शुश्रूषा मिळाली पाहिजे हे ठरवण्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून तो आकडा २१५ मिनिटांचा आहे. दयेचे मोजमाप होत नाही, मिनिटांचे होते.

याचा अर्थ मारणाऱ्या हाताला माफी असा मुळीच नाही. आपल्या वस्तीतली बाई आहे म्हणून तिने बांधलेल्या मनगटाकडे डोळेझाक करणे, हे आपल्याच विचाराशी द्रोह करणे होईल. शोषित माणूस आपल्याहून दुबळ्याचे शोषण करू शकतो, ही उतरंडीची रचना बाबासाहेबांनी आपल्याला समजावून दिलेली आहे. पण आयाला काढून टाकून संचालक त्याच पगारात दुसरी आया आणतो, तेव्हा न्याय झाला असे म्हणता येणार नाही. शिक्षा खालच्या हाताबरोबर वरच्या सहीपर्यंत गेली पाहिजे.

८. काय करता येईल

कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांना पैशावाचून करता येण्याजोग्या काही गोष्टी मी येथे मांडतो.

(१) आपल्या तालुक्यातील वृद्धाश्रमांची आणि वसतिगृहांची यादी करावी. कोणाची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. दिव्यांगांसाठीच्या संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे.

(२) भेटी न सांगता द्याव्यात, आणि वेळ बदलत राहावी. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ सर्वांत बोलकी असते. संस्था अडवत असेल तर रहिवाशाच्या नातेवाइकाला सोबत न्यावे. जी संस्था दार उघडत नाही तिची माहिती तहसीलदारांना लेखी द्यावी.

(३) रहिवाशाशी कर्मचाऱ्याच्या अनुपस्थितीत बोलावे. 'त्रास आहे का?' असे विचारू नये. 'रात्री तहान लागली तर काय करता?', 'कूस कोण बदलतं?', 'बांधतात का?' असे साधे प्रश्न विचारावेत.

(४) दिसलेले त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहून ठेवावे. महिन्याचे वजन, जखमांची नोंद, झोपेच्या औषधाची चिठ्ठी कोणत्या डॉक्टरची, हे पाहण्याचा आग्रह नातेवाइकामार्फत धरावा.

(५) तक्रार केल्यावर त्या माणसाला त्याच हातात एक रात्रही ठेवू नये. आधी त्याची दुसरी सोय करावी, निदान कर्मचारी बदलून घ्यावा. मग अर्ज कार्यकारी दंडाधिकारी आणि पोलीस ठाणे, दोन्हीकडे द्यावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि आरोपी त्या समाजाबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लागते का, तेही वकिलाकडून तपासून घ्यावे.

(६) आयांची आणि वॉर्डबॉयची संघटना बांधावी. पाळी, पगार, प्रशिक्षण यांच्या मागण्यांत 'एकीकडे किती खाटा' ही मागणी पहिली असावी. अत्याचार पाहिलेल्या बाईला नोकरी जाण्याची भीती नसेल, तरच ती साक्ष देईल. आतली साक्षीदार बहुधा तीच असते.

९. शेवटी

आपल्या परंपरेत शुश्रूषेचा दुसराही अर्थ आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या स्त्रीला कोणी पापी म्हटले नाही. पुढे प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा अंत झाला. ही सेवा कोणी त्यांच्या कपाळी लिहिलेली नव्हती, त्यांनी ती निवडलेली होती.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्षूची कथा आहे. तो आपल्याच घाणीत पडून होता, आणि कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला आंघोळ घालून खाटेवर ठेवले. पुष्कळदा आपण ही कथा करुणेची म्हणून सांगतो आणि थांबतो. पण बुद्ध तेथे थांबला नाही. त्याने संघ बोलावून विचारणा केली आणि आजाऱ्याची देखभाल कोणी करायची याचा क्रम लावून दिला. गुरूने, शिष्याने, सोबत्याने, आणि कोणीच नसेल तर सगळ्या संघाने, न केल्यास दोष. चांगल्या शुश्रूषकाचे गुणही तेथे सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, आजाऱ्याला काय मानवते हे कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये, आणि आजाऱ्याला धीर देता यावा.

म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी करुणेला नियमाची जोड दिली गेली होती. आपल्याला आज तेच मागायचे आहे. वृद्धाश्रमांच्या नोंदणीचा कायदा मागायचा, खाटांमागे कर्मचाऱ्यांची संख्या मागायची, न सांगता पाहणीचा अधिकार मागायचा. या मागण्या आपल्या सभांच्या ठरावांत, जयंतीच्या व्यासपीठांवर आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत आल्या पाहिजेत. तोपर्यंत प्रत्येक वस्तीतल्या दोन माणसांनी महिन्यातून एक संध्याकाळ जवळच्या संस्थेत काढावी आणि खाटेजवळचा पेला भरलेला आहे का, हाताला लागतो आहे का, एवढे तरी पाहावे.